नेटवरचं शैक्षणिक साहित्य वापरायचं, बदलायचं, वाटायचं: परवानगी कुठे असते आणि कुठे नसते?

पाटीपेन्सिल
नमस्कार मंडळी. मी एरवी वाचनमात्र असते पण हा प्रश्न आमच्या केंद्रात (जवळपासच्या शाळांच्या गटात) काही केल्या सुटत नाहीये म्हणून धागा काढतेय. मी नंदुरबार जिल्ह्यात झेडपीच्या द्विशिक्षकी शाळेवर आहे, पहिली ते पाचवी, पोरं घरी पावरी बोलतात आणि पुस्तक मराठीत, त्यामुळे सुरुवातीला निम्मा वेळ शब्द कळण्यातच जातो. केंद्रातल्या आम्ही काही जणांनी मिळून तिसरी ते पाचवीसाठी वर्कशीटचा संच करायला घेतलाय, भाषा आणि परिसर अभ्यास, त्यात छोट्या गोष्टी, चित्रं, खाली प्रश्न आणि जमेल तिथे पावरीत एक ओळ. साहित्य बरंचसं नेटवरून घेतलंय, म्हणजे गुगलवर सापडलेली चित्रं, स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या साइटवरच्या गोष्टी, दीक्षा या सरकारी शिक्षण पोर्टलवरचं थोडं, विकिपीडियावरचा मजकूर सोपा करून. शिक्षण परिषदेत दाखवलं तर एक सर म्हणाले हे सगळं कॉपीराइटमधे येतं, जिल्ह्याच्या ग्रुपवर अजिबात टाकू नका. दुसऱ्या मॅडम म्हणाल्या शिक्षणासाठी सगळं माफ असतं. दोघंही ठाम.

मला नीट समजून घ्यायचंय की यातलं काय जसंच्या तसं घेता येतं, कशात बदल करता येतो, आणि आमचा संच उद्या दुसऱ्या तालुक्यातल्या कोणी घेऊन त्यांच्या बोलीत केला तर आम्ही त्यावर काय लिहून ठेवायचं. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा, आमच्या सगळ्या ग्रुपला वाचायला देणार आहे.

चिंचबोर
मॅडम खूप चांगलं काम करताय. मला वाटतं शाळेसाठी आहे, पैसे घेत नाही, तर बिनधास्त वापरा. एवढ्या लांबच्या शाळेत कोण बघायला येणार आहे?

कलम_कागद
चिंचबोर, कोण बघणार हा मुद्दा नाहीये. मॅडमना संच जिल्हाभर वाटायचाय आणि दुसऱ्यांना बदलू द्यायचाय, तेव्हा पाया पक्का हवा.

परिषदेतल्या मॅडम म्हणाल्या त्यात तथ्य आहे पण ते ठराविक मर्यादेपर्यंतच. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ आहे, त्यात शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने एखाद्या लेखनाची प्रत काढली, प्रश्नपत्रिकेत उतारा घातला किंवा उत्तरात लिहिला तर तो भंग धरत नाहीत. यावर गाजलेलं प्रकरण म्हणजे दिल्ली युनिव्हर्सिटीच्या आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानाचं, अभ्यासक्रमातल्या पुस्तकांची निवडक पानं एकत्र बांधून दुकानदार विद्यार्थ्यांना द्यायचा म्हणून ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी २०१२ मधे दावा लावला. १६ सप्टेंबर २०१६ ला दिल्ली हायकोर्टाने तो फेटाळला, डिसेंबरमधे खंडपीठानेही शिकवण्यासाठी गरजेपुरतं घेता येतं हे तत्त्व धरून ठेवलं आणि २०१७ मधे प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. तेव्हा तुमच्या वर्गातल्या पोरांसाठी तुम्ही पुस्तकातल्या दोन पानांची झेरॉक्स काढून शिकवता त्याची भीती बाळगायचं कारण नाही.

पण तेच पान स्कॅन करून, त्यावर संचाचं नाव घालून, पीडीएफ करून जिल्ह्याच्या ग्रुपवर सोडणं म्हणजे प्रकाशन झालं. तिथे "शिकवण्याच्या ओघात" ही ढाल पुरेल असं मी तरी धरून चालणार नाही. बालभारतीचंच घ्या, पुस्तकं ई-बालभारतीवरून कोणालाही फुकट उतरवता येतात, पण पहिल्या पानांत लिहिलेलं असतं की सर्व हक्क मंडळाकडे आहेत आणि संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय कुठलाही भाग उद्धृत करता येणार नाही. फुकट वाचायला दिलं म्हणून बदलून वाटायची परवानगी दिली असं होत नाही, हे एवढं तुमच्या ग्रुपला नक्की सांगा, सगळा घोळ इथेच होतो.

आणि जुन्या मराठी कवितांसाठी एक सोपा हिशोब. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं हक्क चालतो. साने गुरुजी जून १९५० मधे गेले, म्हणजे १ जानेवारी २०११ पासून त्यांचं हयातीत छापलेलं सगळं लेखन कोणीही छापावं, सोपं करावं, पावरीत न्यावं, कोणाला विचारायचं नाही. बालकवी तर १९१८ ला गेले. मात्र बहिणाबाईंच्या बाबतीत हिशोब थोडा वेगळा, त्या १९५१ ला गेल्या पण कविता पुस्तकरूपाने १९५२ मधे आल्या, आणि लेखक गेल्यावर छापलेल्या लेखनाची ६० वर्षं छापल्यापासून मोजतात, म्हणजे १ जानेवारी २०१३. तोही काळ संपला. फक्त आत्ताच्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा, चित्रं हे नव्या लोकांचं असतं, ते उचलू नका.

पाटीपेन्सिल
कलम_कागद, खूप खूप धन्यवाद. बहिणाबाईंची एक कविता आम्हाला घ्यायचीच होती, अहिराणीचा कान असलेली पोरं आहेत पाचवीत. आता नेटवरच्या गोष्टी आणि चित्रांचं कोणीतरी सांगा.

गोदाकाठ
हा माझा आवडीचा विषय, लांब लिहितोय, सांभाळून घ्या. मी बरीच वर्षं नेटवरच्या मोकळ्या परवानगीच्या साहित्याच्या मराठी अनुवादाचं काम करतोय.

नेटवरच्या काही साहित्याच्या खाली "सीसी बाय" किंवा असं काहीतरी लिहिलेलं दिसतं. ते क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्स. ही संस्था अमेरिकेत २००१ मधे निघाली, पहिली लायसन्सं डिसेंबर २००२ मधे आली आणि हल्ली वापरात असलेली ४.० आवृत्ती नोव्हेंबर २०१३ ची आहे. यात लेखक आपला हक्क सोडत नाही, हक्क त्याचाच राहतो, पण तो आधीच सगळ्या जगाला लिहून देतो की या या अटींवर घ्या, मला पत्र पाठवत बसू नका. तुमच्यासारख्या शिक्षकासाठी ही फार मोठी गोष्ट आहे, कारण परवानगीचं पत्र लिहायचं, उत्तराची वाट बघायची, तोवर शाळेचं वर्ष संपतं.

अटी चारच आहेत. बाय म्हणजे नाव द्या, ही सगळ्यांत असते. एसए म्हणजे तुम्ही बदल करून पुढे दिलंत तर त्याच लायसन्सखाली द्या. एनसी म्हणजे धंद्यासाठी नको. एनडी म्हणजे बदललेली प्रत वाटायची नाही, आणि अनुवाद हाही बदलच धरतात, त्यामुळे एनडी असलेली गोष्ट पावरीत करून वाटता येत नाही. या चारांच्या जुळणीतून सहा लायसन्सं होतात. याशिवाय सीसी झीरो म्हणून एक आहे, त्यात नाव देण्याचीही सक्ती नाही.

आता तुमच्या यादीवर येतो. स्टोरीवीव्हर प्रथम बुक्सने सप्टेंबर २०१५ मधे सुरू केलं, तिथल्या गोष्टी सीसी बाय ४.० आहेत, म्हणजे छापा, लहान करा, अनुवाद करा, अगदी विका, नाव मात्र द्या. विकिपीडियाचा मजकूर सीसी बाय-एसए, जून २०२३ पासून ४.०. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल (संगणक शिकवणारे व्हिडिओ) बाय-एसए आणि एनपीटीईएलचे (आयआयटींचे कॉलेज पातळीचे) व्हिडिओही बाय-एसए. खान अकॅडमी आणि एमआयटीचं ओपनकोर्सवेअर बाय-एनसी-एसए. दीक्षावर सरसकट एक नाही, प्रत्येक घटकाच्या माहितीत लायसन्स लिहिलेलं असतं, ते उघडून बघायचं आणि तिथेच वहीत टिपून ठेवायचं. यूट्यूबवर व्हिडिओच्या माहितीत "क्रिएटिव्ह कॉमन्स" असं दिसलं तरच तुकडा कापून घ्या, नाहीतर नुसती लिंक किंवा क्यूआर कोड द्या. लिंक द्यायला कोणाची परवानगी लागत नाही.

आणि जिथे काहीच लिहिलेलं नाही तिथे सर्व हक्क राखीव आहेत असंच समजायचं. बरेच लोक उलटं समजतात.

सरकारी पातळीवर विचारलं कोणी तर सांगा की एनसीईआरटीने १३ ऑगस्ट २०१३ ला असल्या साहित्याचं राष्ट्रीय भांडार सुरू केलं, त्यात मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सोबत होतं, आणि तिथलं लायसन्स बाय-एसए ठेवलं. युनेस्कोने नोव्हेंबर २०१९ मधे सगळ्या सदस्य देशांना यासाठी शिफारस केली आहे. म्हणजे तुम्ही काही आडवाटेने करताय असं मुळीच नाही.

वडाचीपारंबी
वाचनखूण साठवली. गोदाकाठ, नाव द्या म्हणजे नेमकं कसं? आमच्याकडे शेवटच्या पानावर "सौजन्य: इंटरनेट" लिहायची पद्धत आहे.

गोदाकाठ
"सौजन्य: इंटरनेट" लिहिलं म्हणजे कोणाचंच नाव दिलं नाही. चार गोष्टी लागतात: शीर्षक, कोणी केलं, कुठून घेतलं, कुठलं लायसन्स. आणि पाचवी, तुम्ही काय बदललं.

स्टोरीवीव्हरची गोष्ट पीडीएफमधे उतरवली की शेवटच्या पानांवर हे सगळं तयारच असतं, गोष्ट कोणाची, मराठी अनुवाद कोणाचा, कुठल्या पानावरचं चित्र कोणाचं. लोक नेमकी ती पानं झेरॉक्सचा खर्च वाचवायला गाळतात. गाळायची असतील तर त्यातली नावं एका ओळीत आणून वर्कशीटच्या तळाला घाला, बारीक अक्षरात चालेल पण वाचता आलं पाहिजे. साधारण असं: "गोष्टीचं नाव, लेखिका अमुक, मराठी अनुवाद तमुक, चित्रं अमुक, स्टोरीवीव्हर (प्रथम बुक्स), सीसी बाय ४.०. गोष्ट लहान केली आहे आणि पावरी ओळी आमच्या आहेत." शेवटचं वाक्य विसरू नका, कारण तुमच्या पावरीत काही चुकलं तर ते मूळ लेखिकेच्या नावावर जायला नको. आणि कागदावर लिंक दाबता येत नाही, तेव्हा लायसन्सचा पूर्ण पत्ता श्रेयपानावर एकदा लिहून ठेवा.

पावरी अनुवाद स्टोरीवीव्हरवरच करता आला तर अजून उत्तम, तिथे मूळ चित्रांवरच दुसऱ्या भाषेत मजकूर भरायची सोय आहे आणि श्रेयाची पानं आपोआप तयार होतात. ती भाषा यादीत आहे का ते बघून घ्या. नसली तरी बाय लायसन्समुळे तुमच्या कागदावर तुम्ही करूच शकता.

मुद्राक्षर
मी डीटीपीवाला, चित्रांबद्दल आणि फाँटबद्दल लिहितो कारण लायसन्स बरोबर असूनही फाइल अशी देतात की पुढच्याला काहीच करता येत नाही.

चित्रं गुगलवरून घ्यायचीच असतील तर इमेजेसमधे टूल्स उघडून युसेज राइट्समधे क्रिएटिव्ह कॉमन्स निवडा, मग मूळ पानावर जाऊन खात्री करा. पण त्यापेक्षा सरळ विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाच्याच मंडळींचं चित्रांचं भांडार, पुढे नुसतं कॉमन्स म्हणतो) जावं, तिथे एनसी आणि एनडी घेतच नाहीत, त्यामुळे तिथलं चित्र बदलता येतं. चित्राच्या पानावर ते वापरण्यासाठीचं बटण असतं, त्यात श्रेयाची ओळ तयार मिळते.

पाचवीला शरीराच्या आतले अवयव आहेत ना, तर कॉमन्सवर लेडीऑफहॅट्स या नावाने काम करणाऱ्या चित्रकर्तीची पचनसंस्थेची, प्राण्याच्या पेशीची आकृती बघा. तिने असली कितीतरी चित्रं काढून पब्लिक डोमेनमधे, म्हणजे कुठलाही हक्क न ठेवता दिली आहेत. ही एसव्हीजी फाइल असते, म्हणजे कितीही मोठी केली तरी फाटत नाही, भिंतीवरच्या तक्त्याएवढी छापा. ती इंकस्केप या चित्रं बदलायच्या सॉफ्टवेअरमधे उघडायची, ते फुकट आहे. इंग्रजी नावावर टिचकी मारायची, ते पुसून "जठर", "यकृत", "लहान आतडे" टाइप करायचं, फाँट मुक्त किंवा बलू निवडायचा. हे दोन्ही फाँट मुंबईच्या एक टाइपने केलेत आणि ओपन फाँट लायसन्सवर आहेत, म्हणजे पुस्तकात, पीडीएफमधे कुठेही बिनघोर वापरा. एक अडचण येते, काही आकृत्यांत अक्षरं ही अक्षरं नसून रेषांचे आकार केलेले असतात, त्यावर टिचकी मारून टाइप होत नाही. तिथे सरळ तो आकार निवडून डिलीट करा आणि वर नवीन नाव लिहा. बाणाचं टोक अवयवावरच राहतंय ना ते बघा, मराठी शब्द लांब असला की बाण झाकला जातो. एका बैठकीत आकृती मराठी होते. अशी केलेली आकृती परत कॉमन्सवर चढवलीत तर सगळ्या महाराष्ट्राला मिळेल.

दुसरं, टायपिंग युनिकोडमधेच (कुठल्याही कंप्युटरवर वाचता येणारी अक्षरांची पद्धत) करा. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटमधे केलेली वर्कशीट दुसऱ्याच्या कंप्युटरवर उघडली की "|ÉÉ" सारखं काहीतरी दिसतं आणि त्या माणसाला सगळं परत टाइप करावं लागतं. माझ्याकडे असल्या फाइल घेऊन शिक्षक येतात, वर्षावर्षाची मेहनत असते आणि एक शब्द बदलायचा तरी पान नव्याने बसवावं लागतं, बघून जीव तुटतो. तुम्ही बदलायची परवानगी दिलीत आणि फाइल मात्र बंद पीडीएफ, तर त्या परवानगीचा उपयोग काय. पीडीएफ छापायला द्या आणि सोबत बदलता येणारी फाइल द्या, लिबरऑफिसची (हे वर्डसारखं सॉफ्टवेअर) ओडीटी किंवा वर्डची. लिबरऑफिस येत नसेल तर वर गोदाकाठ यांनी लिहिलेल्या स्पोकन ट्युटोरियलवर मराठी आवाजात शिकायची सोय आहे.

पाटीपेन्सिल
मुद्राक्षर, हे आमच्या कोणाच्याच डोक्यात नव्हतं. आमची अर्धी पानं जुन्या फाँटमधे आहेत. आता दिवाळीच्या सुट्टीत बसून युनिकोड करू.

हडसनकाठी
मी न्यूजर्सीत रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. आमची पोरं इथेच वाढलेली, मराठी कळतं पण वाचायला अडतं, आणि घरी आजीशी बोलण्यापुरतेच शब्द. आम्ही स्टोरीवीव्हरच्या पहिल्या पातळीच्या मराठी गोष्टी मोठ्या टाइपात छापतो. माझा प्रश्न असा की आमच्या शाळेला फी आहे, मग हे चालतं का?

गोदाकाठ
हडसनकाठी, चालतं. त्या गोष्टी नुसत्या बाय आहेत, एनसी नाही, त्यामुळे फीचा प्रश्नच येत नाही. तुमच्याकडे मोठ्या टाइपात बसवलेली फाइल असेल तर ती इथे धाग्यावर द्या ना, नवसाक्षरांच्या वर्गालाही उपयोगी पडेल.

रानवाटा
मी सोलापूर भागात माध्यमिकला आहे. थोडं वेगळं मत मांडतो. चार वर्षांपूर्वी मी गणिताच्या वर्कशीट करून ग्रुपवर टाकल्या, तळाला माझं नाव होतं. पुढच्या जूनमधे त्याच वर्कशीट नाव कापून, वर दुसराच लोगो लावून परत माझ्याकडे आल्या आणि एका खाजगी क्लासने तर बांधून विकल्या. रात्री जागून केलेलं काम आहे हो. त्यामुळे मी तरी आता एनसी आणि एनडी दोन्ही लावणार, बदलायचं नाही आणि विकायचं नाही. पाटीपेन्सिल मॅडमनीही तेच करावं असं मला मनापासून वाटतं.

गोदाकाठ
रानवाटा सर, तुमच्यासोबत जे झालं ते वाईटच झालं आणि राग रास्त आहे. पण बघा, नाव कापणं हे सहाच्या सहा लायसन्समधे चुकीचंच आहे. ज्याने नाव कापलं त्याने बायसुद्धा पाळलं नसतं, मग एनडी लावून तो थांबला असता का? एनडीचा फटका बसतो तो नियम पाळणाऱ्याला. मेळघाटातला एखादा शिक्षक तुमची वर्कशीट कोरकूत करू बघेल, खाली एनडी दिसलं की तो प्रामाणिक माणूस तिथेच थांबेल. आणि गणितात एखादं उदाहरण चुकलं तर दुरुस्त करून पुढे द्यायचीही सोय राहात नाही.

एनसीचं थोडं अवघड आहे. लायसन्समधली व्याख्या अशी की वापर मुख्यतः व्यापारी फायद्यासाठी किंवा पैशासाठी नसावा. इथे माणूस कोण आहे हे बघत नाहीत, वापर कशासाठी हे बघतात. अमेरिकेत ग्रेट माइंड्स नावाच्या संस्थेचं गणिताचं साहित्य बाय-एनसी-एसए होतं, शाळांनी ते फेडेक्सच्या दुकानातून छापून घेतलं, तर संस्थेने फेडेक्सवर दावा लावला की तुम्ही छपाईचे पैसे घेता. २०१८ मधे तिथल्या अपील कोर्टाने सांगितलं की शाळेचा वापर बिगरव्यापारी आहे आणि दुकान शाळेच्या सांगण्यावरून छापतंय, यात भंग नाही. तो निकाल आपल्याला बंधनकारक नाही पण एनसीवाली वर्कशीट झेरॉक्सवाल्याकडे द्यायला लोक घाबरतात त्यांना धीर येईल.

तरी माझं मत एसएच्या बाजूने. क्लासवाल्याने तुमचं घेतलं, त्यात भर घालून विकलं, तर एसएमुळे त्याचं ते सुधारलेलं साहित्यही सगळ्यांना त्याच अटीवर मोकळं होतं. एनसी लावलंत तर कॉमन्सवर ठेवता येत नाही, विकिपीडियाच्या मजकुरात मिसळता येत नाही.

रानवाटा
एनडीचं पटलं, काढतो. कोरकूचा विचार मी केला नव्हता. पण एनसी मी ठेवणार. क्लासने पैसे करावेत आणि माझ्या शाळेतल्या पोराने तेच विकत घ्यावं हे मला सहन होत नाही. एसएची अट क्लास पाळतोय की नाही हे बघायला मी कुठे जाणार?

कलम_कागद
दोघांचंही बरोबर आहे, निवड ज्याची त्याची. फक्त दोन गोष्टी लक्षात असू द्या. एक, हे लायसन्स एकदा दिलं की परत घेता येत नाही. तुम्ही उद्या साइटवरून फाइल काढू शकता पण ज्यांच्याकडे गेली आहे त्यांची परवानगी चालूच राहते. दोन, नाव कापून विकणाऱ्याची परवानगी अटी मोडताक्षणी संपते, मग तो साधा कॉपीराइट भंग होतो आणि नोटीस पाठवता येते. ४.० मधे एवढी सवलत आहे की चूक कळल्यापासून ३० दिवसांत सुधारली तर परवानगी परत मिळते.

वडाचीपारंबी
एकाच संचात विकिपीडियाचं बाय-एसए आणि खान अकॅडमीचं बाय-एनसी-एसए दोन्ही घेतलं तर?

गोदाकाठ
शेजारी शेजारी ठेवता येतं, एकत्र कालवता येत नाही. डब्यात जसे वेगळे कप्पे, भाजी भाजीच्या कप्प्यात आणि भात भाताच्या. म्हणजे पान ३ विकिपीडियावरून, पान ४ खान अकॅडमीवरून, प्रत्येकाच्या तळाला आपापलं लायसन्स, हे चालतं. पण दोन्हीतली वाक्यं घेऊन एकच नवीन उतारा केलात तर तो कुठल्या लायसन्सवर देणार? एक म्हणतं माझ्याच अटीवर द्या, दुसरं म्हणतं माझ्याच, आणि दोन्ही एकदम पाळता येत नाहीत. तेव्हा उतारा एकाच मुळावरून करा. बाय आणि बाय-एसए मात्र कालवता येतं, होणारा उतारा बाय-एसए होतो.

सातपुडा_९
मी धडगावकडचा. आमच्या शाळेत रेंज नाही, क्यूआर कोडचा उपयोग शून्य. काही उपाय?

मुद्राक्षर
किविक्स नावाचं ॲप बघा. अख्खा मराठी विकिपीडिया एका फाइलमधे उतरवता येतो, शहाद्याला गेलात की उतरवून घ्या आणि मोबाईलच्या कार्डात टाका, नंतर नेट लागत नाही. कोलिब्री म्हणूनही एक आहे, जुन्या लॅपटॉपवर टाकलं की वर्गातले टॅब त्याला वायफायने जोडून व्हिडिओ, सराव सगळं ऑफलाइन चालतं. असं भरभरून वाटता येतं ते ही लायसन्सं आहेत म्हणूनच.

कलम_कागद
अजून दोन बाबी राहिल्या. पाटीपेन्सिल मॅडम, तुम्ही नोकरीत आहात. कामाचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा पहिला हक्क कलम १७ प्रमाणे नोकरी देणाऱ्याकडे जाऊ शकतो. सुट्टीत, स्वतःहून केलेल्या वर्कशीटचं काय यावर वाद होऊ शकतो, म्हणून केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना एक साधं पत्र देऊन ठेवा की आम्ही शिक्षकांनी हा संच केला असून तो अमुक लायसन्सवर सर्वांसाठी खुला करतोय, आणि त्यांची सही घ्या. संच करणाऱ्या प्रत्येकाची संमतीही त्याच कागदावर घ्या.

दुसरं, पोरांचे फोटो. लायसन्स फोटो काढणाऱ्याच्या हक्काबद्दल बोलतं, फोटोतल्या मुलाबद्दल नाही. पालकांना नीट समजावून लेखी संमती घेतल्याशिवाय चेहरे दिसणारे फोटो मोकळ्या संचात घालू नका, ती फाइल कुठे जाईल यावर मग कोणाचाच ताबा नसतो. त्यापेक्षा पोरांनीच काढलेली चित्रं घ्या. पण त्या चित्राचा हक्क त्या पोराचा असतो, तेव्हा पालकांना विचारा आणि पोराचं पहिलं नाव तळाला घाला.

चिंचबोर
धागा वाचून डोळे उघडले. मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टलाही आता हेच करायला लावणार, चित्राखाली नाव.

पाटीपेन्सिल
सगळ्यांचे मनापासून आभार. आमच्या ग्रुपची काल बैठक झाली. असं ठरलंय: संच बाय-एसए ४.० वर द्यायचा, कारण विकिपीडियाचा मजकूर बऱ्याच पानांत मिसळलाय. दीक्षावरच्या दोन घटकांवर एनसी होतं, ते काढून तिथे नुसता क्यूआर ठेवला, आणि रेंज नसलेल्या शाळांसाठी त्याच पाठाचा एक साधा उपक्रम आम्हीच लिहिला. बालभारतीतली दोन चित्रं काढली, त्याऐवजी आमच्या एका सरांनी पेनाने चित्रं काढून दिलीत, महू आणि तेंदूच्या पानांची, पोरांना ती जास्त ओळखीची आहेत. पचनसंस्थेची आकृती मराठी झाली. पावरी ओळी गावातल्या दोन आज्यांना वाचून दाखवल्या, त्यांनी सहा ठिकाणी शब्द बदलले, त्यांची नावं त्यांना विचारून श्रेयपानावर घातलीत. पीडीएफ आणि ओडीटी दोन्ही ड्राइव्हवर टाकलंय, ज्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय त्यांना लिंक दिली आहे. झेरॉक्सला देण्याआधी गोदाकाठ सर आणि बाकीच्यांनी एकदा नजर टाकावी ही विनंती.

गोदाकाठ
पूर्ण वाचला. फार सुंदर झालाय, आज्यांची नावं श्रेयपानावर बघून खरंच आनंद झाला. आता दुरुस्त्या.

विकिपीडियाच्या उताऱ्यांखाली नुसतं "विकिपीडिया" लिहिलंय, तिथे लेखाचं नाव आणि "मराठी विकिपीडियाचे संपादक" असं लिहा, म्हणजे लेखाचा इतिहास उघडून कोणालाही खरे लेखक सापडतील. तिसरीच्या पहिल्या दोन गोष्टींत लायसन्सची आवृत्ती राहिली, "सीसी बाय" पुढे ४.० हवं. लेडीऑफहॅट्सच्या आकृतीला पब्लिक डोमेन लिहिलंय ते बरोबर, मराठी नावं तुम्ही घातली हेही लिहा. मुखपृष्ठावर "सर्व हक्क राखीव" छापलंय, ते बहुधा जुन्या साच्यातून आलं असणार, काढा, नाहीतर आतल्या लायसन्सशी उलटं होतं.

आणि चौथीच्या पान ७ वर नदीचा फोटो आहे त्याला श्रेयच नाही, कोपऱ्यात कुठल्यातरी वृत्तपत्राचं पुसट नाव दिसतंय. तो काढाच. कॉमन्सवर तापीचे फोटो शोधा, आणि मनासारखा नाही मिळाला तर तापीकाठच्या प्रकाशा गावी जाऊन तुमच्यापैकीच कोणीतरी मोबाईलवर काढा आणि तोही बाय-एसए करून कॉमन्सवर चढवा.